अकरा दिवस मासा नाही

शनिवारी दुपारी चार वाजता मी चहा घेऊन माझ्या मुलीच्या, आमोंडीच्या खोलीत गेले आणि भिंतीवर मासे दिसले. एक पूर्ण मासा, त्याचे पर नावानिशी. एक कल्ला मोठा करून काढलेला, त्यातल्या एकेका तंतूला पट्टीने रेघ ओढून नाव दिलेलं. एक खवला, इतका मोठा की आधी मला तो शिंपला वाटला. शेपटी, डोळा, कुशीवरची ती पाण्याचा धक्का ओळखणारी रेषा, आणि खिडकीशेजारी चौकट करून लिहिलेलं, पाण्यातला प्राणवायू रक्तात कसा जातो ते, सहा पायऱ्यांत. पेन्सिलचं काम इतकं स्वच्छ की बरोबरची खूण करायला माझा हात नकळत उचलला गेला. मग माझ्यातली आई जागी झाली आणि मी कप पुढे केला. "तिथे ठेव," आमोंडी वर न बघता म्हणाली. टेबलावर एकच पुस्तक उघडं होतं. बाकीची खाली रचून तिने त्यांच्यावर पाय ठेवले होते. मी विचारलं, "बरं चाललंय?" ती म्हणाली, "मस्त." मग तिने मान वर केली, सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि किंचित हसली. ते हसू मी ओळखते. उत्तर आधीच माहीत असलेल्या मुली तसं हसतात. मी दार ओढून घेतलं, स्वयंपाकघरात आले, फ्रीज उघडून उगीचच उभी राहिले, आणि तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरात अकरा दिवस मासा आला नव्हता.

किसुमूत, सरोवराच्या काठी राहून, अकरा दिवस मासा नाही म्हणजे घरात कोणी तरी गेलं असावं, नाहीतर घरातल्यांचं डोकं ठिकाणावर नसावं. आणि ही गोष्ट मला दिसली नव्हती. सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवणारी मी, पेरेस आकेयो, निरीक्षण करा, निरीक्षण करा म्हणून पोरांच्या कानीकपाळी ओरडणारी, मला ती दिसली नव्हती. पोरीला दिसली. तिने त्यावरून निष्कर्ष काढला, की मंगळवारच्या प्रॅक्टिकलला मासा आहे, आईला ते ठाऊक आहे आणि आई प्रामाणिक असल्यामुळे घरात मासा आणत नाही. तर्कात कुठे खोट काढायला जागा नव्हती. फक्त मंगळवारच्या प्रॅक्टिकलला मासा नव्हता.

आमच्याकडे चौथ्या फॉर्मच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत जीवशास्त्राचा तिसरा पेपर प्रॅक्टिकलचा. त्यासाठी काय काय जमवायचं याचा बंद लिफाफा बोर्डाकडून दोन आठवडे आधी शाळेत येतो, कारण रोपं उगवायची असली तर ती काही एका रात्रीत उगवत नाहीत. लिफाफा फक्त दोघांनी उघडायचा, विषयशिक्षक आणि प्रयोगशाळेचा माणूस. म्हणजे आमच्या शाळेत मी आणि म्हातारे झाब्लोन ओबुरा. त्या दिवसापासून मी रस्त्याने चालायला लागले की गावातल्या परीक्षार्थींच्या नजरा माझ्या पिशवीवर असतात. ही काही माझी कल्पना नाही. दोन वर्षांपूर्वी मी किबुयेच्या बाजारात पोट बिघडलं म्हणून पपई घेतली, तर मागे दुसऱ्याच कुठल्या शाळेच्या गणवेशातल्या दोन पोरी होत्या. त्यातली एक दुसरीला ओरडून म्हणाली, "पपई! अख्खी पपई घेतली बाईने!" आणि दोघी पळत सुटल्या. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर पपईचा आडवा छेद, उभा छेद, बियांची मांडणी, सगळं फिरत होतं. त्या वर्षी पेपरात टोळ आला. पोरं मला दोष देत होती, माझं पोट मात्र कोणी विचारलं नाही. तेव्हापासून लिफाफा आला की मी बाजारात अंग चोरून वावरते. घरात काय शिजतं याचीही मला धास्ती वाटते, कारण लोक कचराही बघतात.

यंदाच्या लिफाफ्यात दोन गोष्टी होत्या. एक घेवड्याची रोपं, काही उजेडात वाढवलेली, काही अंधारात. दुसरी ताजी कलेजी. ओबुरांनी अंधारातली रोपं कुलूपबंद कपाटात ठेवली, त्यात काही अवघड नव्हतं. उजेडातली कुठे लपवायची यावर मात्र आम्ही दोघांनी एक अख्खी दुपार घालवली, कारण ज्या रोपाला ऊन लागतं ते चारचौघांना दिसल्याशिवाय राहत नाही. शेवटी साठीचा तो माणूस शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढला आणि कुंड्या वर ठेवून आला, आणि रोज सकाळी "टाकी बघून येतो" म्हणून शिडीला लागायला लागला. घरी मी तशीच दक्ष होते. मनाशी म्हटलं, घेवडा आणि कलेजी एकदम बंद केली तर आमोंडीला वास लागेल, जास्त केली तरी लागेल. म्हणून बुधवारी घेवडा नेहमीसारखा, शुक्रवारी कलेजी नेहमीसारखी, आणि ताटात वाढताना मुद्दाम बोलायचं ते शेजारणीबद्दल. नवरा मोंबासाच्या बंदरात नोकरीला, तेव्हा घरात आम्ही दोघीच. दोघींच्या ताटांवर मी इतका कडक पहारा ठेवला की स्वतःवरच खूश होते. जे यादीत होतं त्याची राखण केली. जे नव्हतं त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

मासा बंद झाला तो ओचोलाच्या आईमुळे. गेली पंधरा वर्षं मी तिच्याकडूनच मासा घेते. तिचा ओचोला यंदा माझ्याच वर्गात, वजनदार मुलगा, पुस्तकाचं पान असं उलटतो की वाटावं गादी उलटतोय. लिफाफा आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या पिशवीत मूठभर ओमेना, ती सरोवरातली बारीक मासळी, जास्तीची टाकत, अगदी कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, मी काही विचारत नाही हो. फक्त एवढंच सांगा, पोराने मासा वाचावा की नको? मासा त्याला जन्मापासून ठाऊक आहे, तो आला तर बिचारा तरून जाईल." मी हो म्हणू शकत नव्हते, नाही म्हणू शकत नव्हते, आणि गप्प राहिले तरी ती माझ्या गप्प राहण्याचा अर्थ काढत बसली असती. "उशीर होतोय," म्हणून मी पळाले. मग तिच्या टपरीवरून जायचीच लाज वाटायला लागली. तिच्यासमोर दुसरीकडून मासा घ्यायचा तर पंधरा वर्षांच्या मैत्रीला चूड लागली असती. म्हणून मासाच नाही. इतकी साधी गोष्ट, एका भित्र्या बाईची. आणि तिच्यावर माझ्या मुलीने सहा दिवसांचा अभ्यास उभा केला होता.

आमोंडी मूर्ख असती तर मला एवढी काळजी वाटली नसती. ती हुशार आहे आणि तिचा स्वभाव अंदाज बांधण्याचा आहे. लहानपणी वाढदिवसाची भेट उघडण्याआधी ती हलवून, हुंगून, वजन करून आत काय आहे ते सांगायची, आणि बरोबर निघालं की मग भेटीत तिला रस उरायचा नाही. मागच्या वर्षी तिने दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका पसरून तक्ता केला, कोणता धडा किती वर्षांनी फिरून येतो याचा, आणि अमुक तमुक दहा धडे येणार म्हणून ठरवलं. सात आले नाहीत. निकाल आला तेव्हा ती बाकावर बसून त्या तक्त्याकडेच बघत होती. डी प्लस मिळाल्याचं तिला तितकं दुःख नव्हतं, तक्ता चुकला याचं होतं. मला मात्र डी प्लसचंच दुःख होतं. नर्सिंगच्या कॉलेजला सी प्लस लागतो, आणि तिला नर्स व्हायचं आहे हे तिने सातव्या वर्षी ठरवलं, माझी आई आजारी असताना, तिच्या पायांची सूज बोटाने दाबून खळगा किती वेळ राहतो ते मोजत. आमोंडी हे नाव माझ्या आईचंच. आमच्यात कोणाचं नाव ठेवलं की ते माणूस थोडं त्या लेकरात येतं, म्हणून लाडात मी पोरीलाही आईच म्हणते. तर यंदा माझ्या आईला मी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत घातलं, कोणी बोट दाखवू नये म्हणून, आणि अट घातली, तक्ते नाहीत, अंदाज नाहीत, सगळं वाचायचं. वर्षभर तिने वाचलंही. शेवटच्या सहा दिवसांत मी न आणलेल्या माशाने ते सगळं धुवून नेलं. दुसऱ्यांदा नापास झाली तर तिसऱ्यांदा ती बसणार नाही, हे तिने मला ईस्टरला सांगून ठेवलं होतं, शांतपणे, भांडी घासता घासता.

मी तिला काय सांगणार? "मासा वाचू नकोस" म्हटलं तर पेपर फोडला. "बाकीचंही वाच" म्हटलं तर ती माझ्या तोंडाकडे बघेल आणि तिला कळेल की मासा नाही, म्हणजे तेही फोडणंच. काही न बोलावं तर ती मंगळवारी भिंतीवरचे सगळे मासे डोक्यात घेऊन जाईल आणि समोर कलेजी बघून गारठेल. संध्याकाळी न राहवून मी अंगणात जाऊन ओबुरांना फोन लावला. म्हटलं, "समजा हं, समजा एखाद्याने चुकून परीक्षार्थीला खूण दिली, तर नियम काय?" पलीकडे त्यांच्या रेडिओचा आवाज कमी झाला. "खरी खूण की खोटी?" "खोटी." "मॅडम," ते म्हणाले, "खरी दिली तर तुरुंग आहे. खोटीसाठी बोर्डाने अजून काही ठरवलेलं नाही. कोणाला दिली?" मी सांगितलं. ते बराच वेळ हसले, मग खोकले, मग म्हणाले, "अकरा दिवस मासा नाही? मग पोरीची काय चूक? मी असतो तर मीही माशावरच पैज लावली असती." मी म्हटलं, "तुम्ही हसताय." ते म्हणाले, "मग काय रडू? माझ्या घरी बायको विचारते, रोज टाकीवर काय ठेवलंय, बाई आहे का."

त्या संध्याकाळी मी मनाने माझ्या स्वतःच्या परीक्षेत जाऊन बसले. शाळा माहेरची, अलेगोकडची, घरापासून बारा मैलांवर. प्रयोगशाळा म्हणजे चर्चची मागची खोली, आणि परीक्षेला एका पाटावर मांडलेली सात पानं, सात वेगवेगळ्या झाडांची. ओळखा आणि गट करा. मला पुस्तकातली नावं आठवेनात. पाटाच्या कडा हलायला लागल्या. मग मी पान नाकाशी नेलं आणि वासाने एकेक ओळखलं, हे आईने खोकल्याला दिलेलं, हे शेळीला चालत नाही, हे कुंपणाचं, याने हात खाजतो. गावातली नावं लिहिली आणि पुढे गट केले. तपासणाऱ्या त्या न पाहिलेल्या माणसाने मला गुण दिले. कोण होता कुणास ठाऊक. तेव्हापासून मला वाटत आलं आहे की या विषयाची परीक्षा म्हणजे जगात तू डोळे उघडे ठेवून राहिलीस का, एवढंच विचारणं. पेशी, झाडं, जनावरं, आजार, वंश, कोण कोणाला खातं, सगळं मिळून एकच प्रश्न. मग मला माझाच राग आला, कारण माझी मुलगी डोळे उघडे ठेवून राहिली होती, शास्त्रशुद्ध राहिली होती, आणि मीच तिच्या डोळ्यांपुढे खोटं जग मांडलं होतं. आणि मग, दात घासता घासता, मला सुचलं. खोटी खूण पुसायला खरी खूण द्यायची गरज नाही. खुणांची गर्दी करायची.

रविवारी मी चर्च बुडवलं. घरातल्या सगळ्यात मोठ्या तीन पिशव्या घेऊन किबुयेला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा अंग न चोरता बाजाराच्या मधोमध चालले. आधी ॲव्होकाडो. मग घेवडा. मग कोबी, कांदा, अंडी, मक्याची कणसं, शेंगदाणे, अळंबी. पाऊस झाल्यामुळे पंख फुटलेली वाळवी आली होती, आमच्याकडे ती भाजून खातात, ती एक पेला. रताळी. केळी. एक कोंबडी, पिसांसकट. कलेजी. पपई घेताना तर मी ती मुद्दाम उंच धरून बघितली. मागे नेहमीप्रमाणे दोन पोरी होत्याच, एकीच्या हातात वही. शेंगदाण्यांपर्यंत ती लिहीत होती. कोंबडीला तिने पान उलटलं. वाळवीला मला तिचा आवाज ऐकू आला, "अगं, ही तर सगळंच घेतेय," आणि दुसरी म्हणाली, "हिच्या घरी लग्न आहे वाटतं. चल, जाऊन अभ्यास करू." मला इतका आनंद झाला की मी त्यांना हाक मारून एकेक केळं दिलं. त्यांनी ते संशयाने घेतलं आणि सोलायच्या आधी चारी बाजूंनी तपासलं.

सगळ्यात शेवटी ओचोलाच्या आईची टपरी. तिने मला येताना पाहिलं आणि माशांवर पाणी शिंपडायचं थांबवलं. "अलेगोची लेक," ती म्हणाली. रागावली की ती मला मॅडम म्हणत नाही, माहेरच्या नावाने हाक मारते. "बारा दिवस झाले. माझा मासा नासका होता, की माझं तोंड?"

"तुझं तोंड," मी म्हटलं. "तू त्याने विचारलंस."

"मी काही विचारलं नव्हतं! मी आधीच म्हटलं होतं, मी काही विचारत नाही म्हणून!"

"म्हणून तर पळाले. तुझ्याशी मला खोटं बोलता येत नाही, खरं सांगता येत नाही, आणि तुझ्याकडे बघत गप्प बसायला मला जमत नाही."

ती माझ्या तीन पिशव्यांकडे बघत राहिली. एकेक ओळखत असावी, कारण तिचे ओठ हलत होते. मग ती एकदम हसायला लागली, खवल्यांनी भरलेला हात पोटावर ठेवून. "म्हणजे आज सगळंच. अगं बाई, माझं पोरगं आता काय करणार?" "सगळं वाचेल," मी म्हटलं. "मंगळवारपर्यंत? त्याला जेवायलाच तेवढा वेळ लागतो." तिने मोठ्यातला मोठा तिलापिया मासा काढला आणि म्हणाली, "हा माझ्याकडून. विचारायला नाही, यापुढे न विचारण्याबद्दल."

दुपारी दोनला मी टेबल मांडलं. तिथे नवीच पंचाईत. कोणतं ताट आमोंडीच्या जवळ ठेवायचं? कलेजी तिच्यासमोर आली तर ती खूण, मुद्दाम लांब ठेवली तर तीही खूणच. शेवटी मी इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने मांडलं, पहिला 'ए'चा ॲव्होकाडो, शेवटी 'एस'ची रताळी आणि 'टी'ची वाळवी. आमोंडी आली, दारात थांबली. तिने डावीकडून उजवीकडे पाहिलं, मग उजवीकडून डावीकडे. "कोण येणार आहे?" "कोणी नाही." "मग हे?" "जेवण." ती खुर्चीवर बसली. तिच्या डोक्यात तो सहा दिवसांचा मनोरा हलताना मला दिसत होता आणि मी माझा चेहरा लाकडी ठेवायचा प्रयत्न करत होते, म्हणजे इतका की गाल दुखायला लागले. शेवटी ती म्हणाली, "तुला भिंत दिसली काल." मी मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा मोडला. "जेव, आई," मी म्हटलं. "काय हवं ते घे." "तू वाढ ना." "तुझे हात काय शेजारणीकडे गेलेत? घे." तिने घेवडा घेतला, थोडी वाळवी घेतली, कोंबडीचा पाय घेतला. दर वेळी हात ताटावर नेला की ती माझ्याकडे बघायची, आणि मी खिडकीबाहेरच्या आंब्याकडे. मग तिने माशाकडे हात नेला. आम्ही बोललो त्यानंतर, तिच्या वडिलांबद्दल, मोंबासाच्या उकाड्याबद्दल. काय बोललो ते मला नीट आठवत नाही, पण जेवण मात्र छान झालं होतं, आणि मी दोन वेळा कलेजी घ्यायला विसरले. जेवून ती खोलीत गेली. थोड्या वेळाने भिंतीवरून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, आठदा. मी भांडी विसळत ते मोजले, आणि मला रडू आलं. बरं वाटून आलं.

मंगळवारी पहाटे ओबुरा टाकीवरून रोपं घेऊन उतरले आणि मी खाटकाकडून कलेजी आणली. माझ्या पुढे रांगेत दुसऱ्या शाळांच्या दोन शिक्षिका होत्या. आम्ही एकमेकींना ओळख दाखवली नाही. तिघींनीही अर्धा किलो कलेजी मागितली, आणि खाटीक म्हणाला, "आज गावात कोणाला ॲनिमिया झालाय काय?" परीक्षा झाली. ओचोलाच्या टेबलावर औषध घातल्यावर कलेजी फसफसून उतू गेली तेव्हा तो "हा!" असं मोठ्याने ओरडला आणि पर्यवेक्षकाने त्याला दम दिला. मी सगळा वेळ मनाने गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. माझ्या मुलीच्या पुढ्यात हेच मांडलं असेल, एक कच्च्या कलेजीचा तुकडा, एक उकडलेला, एक ठेंगणं हिरवं रोप, एक लांबडं पिवळं. चार वाजता मी मटाटूच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. तीन गाड्या गेल्या. चौथीतून ती उतरली, गणवेशाच्या बाहीवर आयोडीनचा डाग, आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "मासा नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा मला खरं बोलता आलं. ते इतकं मोकळं वाटलं की मी पुन्हा म्हटलं, "नव्हताच मुळी."

"ते मला रविवारीच कळलं."

"कसं? मी तर काहीच..."

"काहीच! कोंबडी मला माझ्या हाताने घ्यायला लावलीस, घेवडा घ्यायला लावलास. 'तुझे हात काय शेजारणीकडे गेलेत.' आणि माशाकडे मी हात नेला, तर तू तो माझ्या ताटातून काढून घेतलास, काटे काढलेस, आणि घास करून परत ठेवलास. मी चार वर्षांची असताना करायचीस तसा. आई, ज्याचा प्रश्न येणार होता त्याला तू चिमट्यानेही शिवली नसतीस."

मी खरंच तसं केलं होतं? मला आठवेना. हातांनी केलं असणार. "म्हणजे मी फोडलाच की पेपर," मी म्हटलं.

"काय फोडलास? मासा नाही, एवढं कळलं. राहिलं काय? बाकीची सगळी सजीव सृष्टी! ती वाचली मी दोन दिवसांत, शेवाळापासून माणसापर्यंत. माझे डोळे बघ." तिचे डोळे लाल होते. "आता तू सांग. अकरा दिवस मासा का नव्हता मग?" मी सांगितलं. ओचोलाची आई, मूठभर ओमेना, माझी लाज. ती रस्त्याच्या कडेला दप्तरावर बसली आणि हसली, अशी की बोडाबोडावाले भाड्याच्या मोटरसायकली थांबवून बघायला लागले. "मी सहा दिवस," ती म्हणत होती, "सहा दिवस, पट्टी घेऊन!" नापास होऊन आलेली पोर असं हसत नाही. सव्वीस वर्षांत मी दोन्ही तऱ्हा पाहिल्या आहेत.

आम्ही चालत घरी निघालो. मी मनात ठरवलं होतं की उत्तरं विचारायची नाहीत, तर तीच सांगायला लागली. उकडलेल्या कलेजीला फेस का नाही ते बरोबर. कच्चीला का आहे ते बरोबर, वरून एक वाक्य जास्तीचं. मी चालता चालता गुण देत होते, थांबवता येत नव्हतं. मग ती म्हणाली, "आणि अंधारातलं रोप लांब का वाढलं, तिथे मी आधी लिहिलं होतं, ते उजेड शोधत होतं. मग खोडलं. तू गुण कापतेस ना त्याला. रोपाला इच्छा नसते, वगैरे. म्हणून मग नीट लिहिलं, खोडाचं संप्रेरक, पेशींची लांबी, सगळं." बरोबर होतं. पूर्ण गुण. पुढचं वळण आलं. मग दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेत, परीक्षेबाहेरचं काही विचारावं तसं तिने विचारलं, "पण आई, खरं सांग. शोधतच असतं ना ते?"

सव्वीस वर्षं मी त्या वाक्यावर लाल रेघ मारत आले आहे. किती पोरांच्या वह्यांत, किती पेपरांत. मी तिच्या बाहीवरच्या डागाकडे पाहिलं आणि म्हटलं, "हो गं. शोधतच असतं."